दोन दिवसांत म्हातारी झालेली बियर

फक्त पळीभर चाखून बघायची, एवढंच माझ्या मनात होतं. चाखायची, पळी धुऊन खिळ्याला अडकवायची आणि घरात जाऊन कॉफी प्यायची. लोक अजून विचारतात, "हालवार, तुला ही बुद्धी सुचली कुठून?" मी म्हणतो, बुद्धी सुचली असती तर चाखली कशाला असती!

मी मूळचा नॉर्वेतल्या बर्गन शहरातला. बर्गनच्या माणसाला सगळ्यातलं सगळं कळतं (असं बर्गनच्या माणसाचं मत आहे). लग्न करून इकडे वॉसच्या खोऱ्यात आलो त्याला तेव्हा अकरा वर्षं झाली होती. मी नगरपालिकेत गोठ्यांच्या बांधकामाचे परवाने देतो. खरं सांगायचं तर देत नाही. अर्ज उघडायचा, पहिलं पान वाचायचं आणि 'अपूर्ण' असा शिक्का हाणायचा, हे माझं काम. पहिल्या पानावरून अख्ख्या अर्जाची लायकी ओळखण्यात माझा हात धरणारा सबंध कचेरीत कोणी नाही. हा गुण बियरच्या बाबतीत नडेल, असं मला कोणीच सांगितलं नव्हतं.

झालं असं की, त्या वर्षी नोव्हेंबरात सासरेबुवांच्या खुब्याचं ऑपरेशन झालं. आमचे सासरेबुवा, ब्रिन्युल्फ, चव्वेचाळीस वर्षं ख्रिसमसची बियर घरी करत आले होते. अंगणापलीकडे चुलीची खोली आहे, तिथे मोठं लाकडी पिंप आहे आणि त्या बियरचं खमीर त्यांच्या पणजोबांपासून घरात चालत आलेलं आहे. विरजणासारखं एका वर्षाचं पुढच्या वर्षाला लावायचं. सासरेबुवा मुलीबद्दल बोलतात त्यापेक्षा जास्त मायेनं त्या खमिराबद्दल बोलतात. मुलगी त्यांनी मला दिली, पण खमिराला हात लावू दिला नव्हता.

"यंदा बियर मी करतो," गिटले म्हणाला. गिटले म्हणजे माझ्या बायकोचा चुलतभाऊ. त्या खमिरावर त्याचा डोळा त्याला दात आले तेव्हापासूनचा.

"कशाला? हालवार करेल की," माझी बायको तूरिड म्हणाली.

माझ्या तोंडात बटाटा होता. तो गरमही होता. त्यामुळे मी नाही म्हणू शकलो नाही.

सासरेबुवांनी कुबडी माझ्याकडे रोखली. "ऐक. मी तोंडातून एक शब्द काढणार नाही. सगळं तू एकट्यानं करायचं. रविवारी शेजारी येतील, पहिला घोट घेतील. त्यांनी बियर पास केली तर खमीर तुझं, कायमचं. नाही तर ते गिटलेच्या घरी जाईल. आणि शेजाऱ्यांच्या आधी बियर चाखायची नाही. आपल्या हातावर विश्वास नसलेला माणूस आधी चाखतो."

शुक्रवारी मी रजा टाकली. पहाटेपासून पाणी तापवलं, ज्युनिपरच्या झुडपाच्या फांद्या उकळल्या, त्या पाण्यात माल्ट, म्हणजे मोड आणून वाळवलेलं जव, भिजवलं, गाळलं, पुन्हा उकळलं. दोनदा हात भाजला, एकदा उकळतं पाणी बुटात गेलं. तिसऱ्या प्रहरी रस कोमट झाल्यावर खमीर टाकायची वेळ आली. इथे खमीर टाकताना जोरात ओरडावं लागतं. जेवढी मोठी आरोळी तेवढी कडक बियर, असं जुने लोक मानतात. मी कचेरीतला माणूस. मी 'आ' केलं.

घराची खिडकी उघडली. "ते काय होतं?" सासरेबुवांचा आवाज आला. (एक शब्दही बोलणार नव्हते.)

"आरोळी, बाबा!"

"आरोळी? दाताच्या डॉक्टरकडे गेलायस का? बियर झोपेल तुझी!"

मग मात्र मी ओरडलो. अकरा वर्षांत सासरी जे जे बोलायचं राहून गेलं होतं, ते सगळं त्या एका आरोळीत घातलं. शेजारचे श्यूर आजोबा, वय वर्षं ब्याऐंशी, हातात दोर घेऊन धावत आले. त्यांना वाटलं, आमची मेंढी दरीत पडली.

इथपर्यंत सगळं सरळ होतं. शनिवारी दुपारी तूरिड बाजारात गेली, सासरेबुवा आरामखुर्चीत डोळे मिटून बसले, आणि मी पिंपावरचं पांघरूण नीट आहे ना हे बघायला चुलीच्या खोलीत गेलो. पांघरूण नीट होतं. परत यायला हवं होतं. पण आतून बुडबुड असा आवाज येत होता आणि पळी समोर खिळ्याला लटकत होती.

मी चाखली.

काय सांगू! अंघोळीच्या पाण्यासारखी कोमट. फेस नाही, झिणझिण नाही. रंग गढूळ. जिभेवर आधी गोड, मग कच्च्या कणकेचा लगदा, आणि शेवटी त्या लगद्यात कोणीतरी ख्रिसमसचं झाड बुडवून काढल्यासारखी चव. मी दुसरी पळी घेतली, पहिली चुकून वाईट लागली असेल म्हणून. दुसरी जास्त वाईट लागली, कारण आता मला ओळख पटली होती. माझ्या डोक्यात शिक्का दणकन उमटला.

तुम्ही म्हणाल, अकरा वर्षं त्या घरात राहून तुला दोन दिवसांची बियर कशी लागते हे ठाऊक नव्हतं? नव्हतं. कारण पहिल्या घोटाच्या दिवशी पाहुण्यांना घरी सोडायला एक शुद्धीवरचा माणूस लागतो. इथे प्यायलेल्या माणसाच्या हातात किल्ली कोणी देत नाही. आणि अकरा वर्षं तो शुद्धीवरचा माणूस मी होतो. सगळे पळीपळीनं पीत आणि मी कोपऱ्यात कॉफी पीत गाडीची किल्ली सांभाळत असे. माझ्या वाट्याला थेट ख्रिसमसला यायची ती तीन आठवडे तळघरात मुरलेली, स्वच्छ आणि चुरचुरीत बियर. तीच मला माहीत.

मी तूरिडला फोन लावला. सरळ विचारायची सोय नव्हती, चाखल्याचं कळलं असतं.

"अगं, उद्या लोक पितात ती बियर कशी लागते?"

"बियरसारखी. का?"

"नाही, सहज. म्हणजे छान लागते ना?"

"छान लागते रे. मी रांगेत आहे. मेंढीचं मुंडकं एक आणू की दोन?"

"आणि कणीक..."

"कणीक घरात आहे."

तिनं फोन ठेवला.  खमीर गिटलेकडे जाणार, हे तर होतंच. पण सासरेबुवांची चव्वेचाळीस वर्षांची परंपरा एका कारकुनानं बुडवली, असं सगळं खोरं म्हणणार. आणि तूरिड बापासमोर ठामपणे 'हालवार करेल' म्हणाली होती, तिचं काय? मला खरंच रडू यायला लागलं.

आणि तेव्हा मला तळघरातलं छोटं पिंप आठवलं. सासरेबुवांनी जुलैत, गवत कापणीच्या वेळी, थोडी बियर केली होती. त्यातली दहा-बारा लिटर उरली होती. मी तळघरात जाऊन थेंबभर काढून बघितली. सोन्यासारखी स्वच्छ! चुरचुरीत! बियरसारखी! मी ते पिंप उचललं आणि अंगणातून चुलीच्या खोलीकडे निघालो. नेमकी तूरिड गाडीतून उतरली. तिच्या हातात एक मुंडकं होतं.

"हे काय नेतोयस?"

"पिंप. धुवायला."

"आतून डुचमळतंय."

"आधीचं धुतलेलं पाणी आहे."

तिनं माझ्याकडे बघितलं, मुंडक्यानंही बघितलं. "बर्गनला पिंपं अशी धुतात?"

"हो," मी म्हणालो. (बर्गनच्या माणसाचा हा फायदा असतो. काहीही करा, लोक त्याचं खापर बर्गनवर फोडतात.)

रविवारी जेवणं आटोपल्यावर मंडळी आली. श्यूर आजोबा आले, ज्यांचा शब्द या खोऱ्यात बियरच्या बाबतीत शेवटचा. ब्रिता आली, चाळीस मेंढ्या एकटीनं सांभाळणारी विधवा, जिच्या तोंडाला मेंढ्यासुद्धा वचकून असतात. आणि गिटले आला. त्याच्या कोटाच्या खिशातून धुऊन-पुसून लख्ख केलेली रिकामी बरणी डोकावत होती. सासरेबुवांना आम्ही खुर्चीसकट उचलून चुलीच्या खोलीत आणलं. पाहुण्यांना पोहोचवायला त्या दिवशी तूरिड शुद्धीवर राहणार होती.

मी मोठ्या पिंपाच्या आड बसून, छोट्या पिंपातून लाकडी वाडगा भरला आणि श्यूर आजोबांच्या हातात दिला.

आता इथल्या लोकांची बोलण्याची तऱ्हा सांगायला हवी. इथे कोणी 'छान' म्हणालं तर समजावं की तुमची कीव केली. 'ठीक' म्हणजे मेहनत दिसतेय. आणि 'वाईट नाही' म्हणजे संपलं, याच्या वर काही नाही. मी तूरिडला लग्नाचं विचारलं तेव्हा ती म्हणाली होती, "कल्पना वाईट नाही." मी बर्गनला जाऊन दोन दिवस उशीत तोंड खुपसून पडलो होतो. तिसऱ्या दिवशी तिनं तारीख कळवली.

श्यूर आजोबांनी वाडगा उजेडात धरला, कपाळाला आठी घातली. एक घोट घेतला. गालात फिरवला. गिळला. पुन्हा उजेडात धरला.

"परवा केली ही?"

"परवा, आजोबा."

"फेस आहे."

"आहे ना!" मी खुलून म्हणालो.

"स्वच्छ आहे."

"अगदी!"

"गोडवा नावाला नाही."

"नाहीच!"

त्यांनी वाडगा ब्रिताकडे दिला आणि माझ्याकडे अशा नजरेनं बघितलं की मला ताप आलाय की काय असं वाटावं. "पोरा, दोन दिवसांच्या बाळाला दाढी आली तर आईबाप आनंद करतात का?"

मी पळी पुसायला घेतली.

"दोन दिवसांची बियर कशी हवी? कोमट, गढूळ, गोड. कणकेसारखी. त्या कणकेतून पुढचं कळतं. हिला पुढचं काही उरलंच नाही. ही दोन दिवसांत म्हातारी झाली. ख्रिसमसपर्यंत ही काठी टेकणार आणि नवीन वर्षाला हिच्यात लोणचं घालायचं."

"आणि कडू आहे," ब्रिता म्हणाली. "करणाऱ्याच्या हाताला दम नाही. उकळतानाच घाई झालीय."

"मला तर जळकट लागते," गिटले म्हणाला. (त्यानं अजून चाखली नव्हती.)

वाडगा सासरेबुवांकडे गेला. त्यांनी घोट घेतला. डोळे मिटले.  मग डोळे न उघडताच म्हणाले, "कडूच आहे. ब्रिता बरोबर बोलते. ज्यानं केली त्याला वाटलं असणार, आपल्याला सगळं येतं."

मी तूरिडकडे बघायचं टाळलं. मी कोणाकडेच बघायचं टाळलं, छताकडे बघितलं. म्हणजे आत त्या मोठ्या पिंपात जी कणीक बुडबुडत होती, ती बिघडलेली नव्हती! ती होती तशीच हवी होती! आणि हे सांगावं तर कसं? ज्या बियरची आता चारही जण सालटी काढत होते, ती सासरेबुवांची आहे असं भर सभेत म्हणू? ते सुद्धा त्यांनी स्वतः तिला नावं ठेवल्यावर?

"मग ठरलं," गिटले उठला. खिशातून बरणी काढली. "काका, तुम्ही बसा. खमीर मी काढून घेतो."

"गिटले, थांब!" मी ओरडलो. पण परवाच्या आरोळीनं घसा बसला होता, फक्त फुस्स झालं.

त्यानं मोठ्या पिंपावरचं पांघरूण ओढलं, झाकण सरकवलं आणि आत वाकला. "अरेच्चा! हे तर काठोकाठ भरलंय, आणि ही बियर वेगळीच आहे, गढूळ!"

श्यूर आजोबा उठले. ऐंशी पार केलेला माणूस इतक्या झटकन उठताना मी आधी कधी बघितला नव्हता. पळी आत गेली, बाहेर आली, तोंडाला लागली.  त्यांनी दुसरी पळी घेतली. मग तिसरी. मग पळीकडे बघितलं, जणू तिनंच काहीतरी केलं असावं.

"वाईट नाही," ते म्हणाले.

ब्रितानं पळी हिसकावून घेतली. प्यायली. हाताच्या पालथ्या बाजूनं तोंड पुसलं. "वाईट नाही," ती म्हणाली, आणि शप्पथ सांगतो, तिचा आवाज जरा ओला होता.

गिटलेनं चाखली. त्याच्या चेहऱ्यावर दोन-तीन भाव आले नि गेले. "वाईट..." तो म्हणाला. सगळे वाट बघत होते. "...नाही," त्यानं कसंबसं म्हटलं.

मी दोन पावलं पुढे गेलो, तोंड उघडलं. पण श्यूर आजोबा माझ्याकडे नाही, खुर्चीकडे वळले होते.

"ब्रिन्युल्फ! लबाडा!" त्यांनी सासरेबुवांच्या पाठीवर थाप मारली. "आता कळलं मला. पोराचं मन राखायला त्याला ते छोटं पिंप खेळायला दिलंस, आणि घरची बियर खुर्चीत बसून स्वतः करवून घेतलीस!"

"खुबा बदलला तरी हात तोच आहे," ब्रिता म्हणाली. "अहो, तुमच्या चव्वेचाळीस वर्षांत इतकी कधी जमली नव्हती!"

मी सासरेबुवांकडे बघितलं. त्यांनी माझ्याकडे बघितलं. महिनाभर तो माणूस कुबड्यांवर करवादत होता. रात्री कण्हायचा, सकाळी चिडायचा, आपण आता संपलो असं रोज एकदा म्हणायचा. आणि आता त्याचा चेहरा असा उजळला होता की मला तूरिडचा लग्नातला चेहरा आठवला. मला तो माणूस त्या क्षणी फार आवडला. माझं तोंड उघडं होतं, ते मी मिटलं.

"काय करणार," सासरेबुवा नम्रपणे म्हणाले. "सवय."

मग काय विचारता! पळी थांबेना. ब्रितानं गाणं म्हटलं. श्यूर आजोबांनी तरुणपणी कुठल्या तरी मुलीसाठी नदी पोहून पार केल्याची गोष्ट सांगितली, आणि ब्रिता म्हणाली की ती मुलगी म्हणजे मीच, आणि तेव्हा तिथे पूल होता. खारवलेलं मटण संपलं, कडक भाकरी संपली, मुंडकंही संपलं. मधून मधून कोणीतरी माझ्या खांद्यावर थोपटून 'होतं असं, होतं' म्हणत होतं. धारा काढायची वेळ झाली तेव्हा तूरिडनं सगळ्यांना गाडीत घातलं. जाता जाता ती माझ्या कानाशी वाकली. "पिंप चांगलं धुतलंस हं," म्हणाली.

खोलीत आम्ही दोघंच उरलो.

"चव्वेचाळीस वर्षं करतोय," सासरेबुवा म्हणाले. "माझी बियर मला ओळखू येत नाही असं वाटलं तुला? शिवाय काल तू ते पिंप घेऊन चाललास ते खिडकीतून दिसलं."

"मग बाबा, तिला नावं का ठेवलीत?"

"कडू झाली होती. जुलैत घाई केली मी. पण माझ्या तोंडावर कोणी बोलेना. चव्वेचाळीस वर्षं सगळे आपले 'वाईट नाही, वाईट नाही'. आज पहिल्यांदा खरं ऐकलं. बरं वाटलं." त्यांनी मोठ्या पिंपाकडे बघितलं. "तुझी मात्र खरंच वाईट नाही."

मी नाक शिंकरलं. त्यांनी गिटलेची विसरलेली बरणी माझ्यापुढे सरकवली. "खमीर काढून घे. तुझं आहे. पण हे आपल्या दोघांत."

गावात सगळ्यांना वाटलं, म्हाताऱ्यानं दयेपोटी दिलं.

याला आता चार वर्षं झाली. तेव्हापासून दर वर्षी बियर मी करतो, उघडउघड, माझ्या नावानं. दर वर्षी पहिल्या घोटाला शेजारी येतात, पळी फिरते, आणि श्यूर आजोबा म्हणतात, "ठीक." मग सगळे एकदम सुस्कारा सोडतात. "पण ब्रिन्युल्फची ती त्या वर्षीची!" ब्रिता म्हणते. "तिची सर नाही." गिटले तर डोळे पुसतो. पहिल्या वर्षी हे चाललं असताना सासरेबुवांनी मला हळूच डोळा मारला. दुसऱ्या वर्षी मारला नाही. तिसऱ्या वर्षी ते स्वतःच म्हणाले, "हो, ती वेगळीच जमली होती."

यंदा त्यांनी मला शेजारी बसवून घेतलं. "हालवार, तू मेहनती आहेस, पण तुला ते अजून साधत नाही. ऐक, त्या वर्षी मी नेमकं काय केलं ते तुला सांगतो." आणि फांद्या किती उकळल्या, रस किती निववला, खमीर कसं टाकलं, हे सगळं त्यांनी तासभर बारकाईनं समजावलं.

आणि मी, खोटं कशाला सांगू, वही काढून सगळं लिहून घेतलं. मध्ये दोन शंकाही विचारल्या.